उपग्रहाच्या नावानं नारळ

आता काय लपवू तुमच्यापासून! पण आधी कप खाली ठेवा, नाही तर ठसका लागेल अन् नाव माझं होईल.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. दवनीवाड्याकडच्या आमच्या शाळेत गणिताला मास्तरच नव्हता. मग गणित कोण शिकवत होतं? मी! मराठीचा मास्तर! दहावीची पोरं माझ्या तासाला देवाचं नाव घेऊन बसत. परीक्षा तोंडावर आली होती, अन् भूमितीचं एक प्रमेय मला स्वतःलाच जमत नव्हतं.

तेवढ्यात सरकारनं खास शिक्षणासाठी उपग्रह सोडला. टीव्हीवर रॉकेट उडताना पाहून पोरांपेक्षा जोरात टाळ्या मीच वाजवल्या. पुण्यातली मॅडम शिकवणार, गावोगावची पोरं एकदम ऐकणार, वर उलट प्रश्नही विचारणार! माझी सुटका थेट आभाळातून येऊन राहिली होती हो!

इंजिनिअर आला, गच्चीवर मोठी छत्री बसवली, उपग्रहाकडं नीट रोखली अन् बजावून गेला, "सर, बोटभर हलली तरी चित्र जाईल."

पहिला तास अकराला. साडेदहाला माझ्या डोक्यात आलं, एवढी मोठी वस्तू अन् पूजा नाही? नवा ट्रॅक्टर तरी असा बिनपूजेचा काढतो का कोणी? हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ उचलला.

"त्याच्यावर कायले फोडता जी? खाली फोडा ना," शिपाई तुलाराम म्हणाला.

"चूप बस! मले शिकवून राहिला?"

नारळ भलताच कडक. पहिल्या ठोक्याला फुटेना. दुसरा असा हाणला, की छत्रीनं मानच फिरवली!

खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी इंजिनिअरला फोन लावून ओरडलो, "अहो, तुमचा उपग्रह पडला वाटतं!"

"बाकी सगळ्या शाळांत दिसून राहिलं, सर. तुम्ही काही केलं का?"

"छे! फक्त पूजा केली."

"कशानं?"

खरं ते सांगितलं.

मग सुरू झाली कवायत. फोनवर इंजिनिअर, खिडकीत मी, गच्चीवर तुलाराम.

"उजवीकडं घे!"

"माह्या उजवीकडं का तुमच्या, सर?"

अर्धा तास हेच! शेवटी वर्गातून गलका उठला, "आली, आली!" खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पडद्यावरून मॅडमनं विचारलं, "दवनीवाडा, उशीर का झाला?"

माइक दहावीतल्या सुनंदाच्या हातात. "मॅडम, आमच्या सरांनं छत्रीवर नारळ फोडला जी!"

गावोगावचे वर्ग खो-खो हसले. मॅडमही हसल्या. "बरं, आत्तापर्यंत गणित कोण शिकवत होतं?"

"हेच सर."

उपग्रहावरून आवाज यायला क्षणभर लागतोच. मॅडम त्याहून बऱ्याच जास्त थांबल्या.

"घाबरू नका बाळांनो," त्या म्हणाल्या, "आपण बेरजेपासून सुरू करू."

पोरांआधी वही मी उघडली.