भारतमातेचं एक वाक्य

नाशिकहून निघताना जो तो एकच सांगत होता, मुंबईला चाललाच आहात तर समुद्र बघून या. माझं काम होतं उपनगरांत, समुद्राशी माझा काय संबंध? बोरिवलीच्या एका वाचनालयात ‘साहित्यातील राष्ट्रभावना’ या विषयावर व्याख्यान द्यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, मरोळच्या एका चाळीतल्या नाटकाला प्रमुख पाहुणी म्हणून बसायचं होतं. हे दुसरं आमंत्रण वसंत गायकवाडचं. वसंत मूळचा जालन्याकडचा. कॉलेजला तो माझा विद्यार्थी होता. आता मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो आणि फावल्या वेळात नाटकं लिहितो. “बाई, जरा आधीच या. नाटकावरून चाळीत भांडण लागलंय, ते तुम्हीच मिटवाल,” असा त्याचा निरोप होता. भांडण मिटवायला मराठीच्या प्राध्यापिकेला बोलावणारा माणूस भाबडाच म्हणायचा. तरी मी निघाले.

एसटीने मुलुंडच्या नाक्यावर उतरवलं तेव्हा वसंत समोर उभाच होता. माझी बॅग त्याने मी देण्याआधीच हिसकावून घेतली. तिथून लाल बसने आम्ही भांडुपवरून पवईकडे वळलो. डाव्या-उजव्या बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मध्येच झोपड्यांची उतरण, आणि मग एकदम तलाव. थंडीच्या दिवसांतलं स्वच्छ पाणी आणि काठाला म्हशी. मुंबईत इतकं मोकळं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर वसंत हसला. “बघून घ्या बाई. पुढं साकीनाक्याला वाट लागणारच आहे.” लागलीही. पुढचा अर्धा तास आमची बस एका टेम्पोच्या मागे निमूट उभी होती.

वसंतची चाळ म्हणजे बैठ्या खोल्यांच्या दोन लायनी, मध्ये अंगण. पुढच्या लायनीत बहुतेक कोकणातली कुटुंबं. संपानंतर गिरण्या सुटल्या, तेव्हा परळ-लालबागकडची ही माणसं इकडे सरकली आणि कोणी वॉचमन, कोणी पॅकर झाली. मागच्या लायनीत मराठवाड्याकडची बौद्ध कुटुंबं. सव्वीस जानेवारीला सकाळी सगळे मिळून झेंडावंदन करतात. मग पुढची लाइन मंडपात सत्यनारायण घालते आणि मागची लाइन कोपऱ्यातल्या बुद्धविहारात घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचते. गेल्या वर्षी लाउडस्पीकर एकच, त्यामुळे कथा आधी की उद्देशिका आधी यावरून अंगणात हमरीतुमरी झाली होती. संध्याकाळचं नाटक तेवढं दोन्ही लायनींचं एकत्र असतं. वर्षातून तेवढी एकच संध्याकाळ.

जेवायला वसंतच्या आईने येसर केलं होतं (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी). सोबत ज्वारीची भाकरी. म्हातारी पानाशेजारी उकिडवी बसून वाढत होती आणि मी नको म्हटलं की ऐकू आलं नाही असं दाखवत होती. मी पोटाला तडस लागेस्तोवर जेवले.

त्याच संध्याकाळी अंगणात कमिटी बसली, आणि भांडण काय ते मला कळलं. वसंतच्या नाटकात तीन भाऊ एका घरावरून भांडतात, प्रत्येक जण म्हणतो आई माझी. मागे लाकडी पेटीवर भारतमाता उभी. शेवटी तिघं तिच्याकडे वळून विचारतात, “आता तूच सांग, तू कोणाची?” आजवर या चाळीच्या प्रत्येक नाटकात शेवटी भारतमाता उभी राहत आली होती, मुकुट घालून, हातात झेंडा धरून. बोलली कधीच नव्हती. यंदा वसंतने तिला उत्तर दिलं होतं: “ज्यांना तुम्ही पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाहीत, त्यांची मी आधी.”

कमिटीचे अध्यक्ष सावंतकाका ताडकन म्हणाले, “ह्या आमका उद्देशून लिवलंस तू! आणि भारतमाता कधी बोलता? देवीची मूर्ती बोलता काय?”

“मूर्ती नाही ओ ती, काका. पात्र आहे. पात्राला तोंड नको?” वसंत म्हणाला.

पुढच्या लायनीतले एकुलते एक केरळी, पिल्लै, त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. “लेकिन मराठी में क्यों बोलेगी? पूरे देश का मदर है ना!”

“मग मल्याळीत बोलू दे काय रे?” मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. वसंत हसला नाही.

“वाक्य नाही तर नाटक नाही,” तो म्हणाला. “आणि नाटक नाही तर आमची लाइन यंदा मंडपात पाऊल ठेवणार नाही. आजच सांगून ठेवतो.”

ही नुसती धमकी नव्हती, हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. एकदा तुटलं की पुढच्या वर्षी कोण कोणाला बोलावणार? सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी कागद मागून घेतला आणि तिथल्या तिथे लिहिलं: “मी साऱ्यांची आणि सारे माझे, तुमच्या एकोप्यातच माझं वैभव आहे.” वाचून दाखवल्यावर सावंतकाकांनी मान डोलावली. पिल्लैंनाही चाललं. टाळ्यासुद्धा पडल्या. वसंतने तेवढ्या वाजवल्या नाहीत. खोलीकडे जाताना तो म्हणाला, “बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून नाटक करतो. पण हे सगळ्यांना चाललं, म्हणजे कोणालाच लागलं नाही.” मला राग आला. चार-पाच तास एसटीत बसून आलेल्या माणसाशी बोलायची ही रीत झाली का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवहिनी मला जोगेश्वरीची लेणी दाखवायला घेऊन गेल्या. वहिनी म्हणजे सावंतकाकांची बायको आणि चाळीची कायमची भारतमाता. जाड, सावळ्या, बोलक्या. “माजो चेरो गोल, मुकुट बसता,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. घरांच्या दाटीत, एका गल्लीच्या टोकाला पायऱ्या खाली उतरतात आणि आपण थेट खडकाच्या पोटात. आत ओल, अंधार, झिजलेले खांब, आणि वरच्या बाजूला कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. मला ते फार आवडलं. देशाबद्दल पुस्तकांत जे भव्य भव्य वाचतो, ते इथे लोकांच्या धुण्याखाली नांदत होतं.

परत वर चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वहिनींनी पदराची पिन काढून तो जोडला आणि त्याच पायरीवर बसून स्वतःचा गुडघा चोळू लागल्या. माझं वाक्य त्यांना पाठ झालं होतं, पण ‘वैभव’शी येऊन त्या थांबत होत्या.

“बाई, वाक्य बरा आसा,” त्या म्हणाल्या. “पण त्या पेटयेवर उभ्यान माजी ढोपरां दुकतत. हात वर, झेंडो धरूचो, हालूचा नाय. कोणी कधी इचारूक नाय, वहिनी, बसतंस काय म्हणान.”

मी त्यांना समजावलं, की भारतमाता उभी असते त्याला अर्थ आहे. उभी म्हणजे जागी, सावध, लेकरांवर लक्ष असलेली. साहित्यात ती अशीच येते. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि गुडघा धरून उठल्या.

संध्याकाळी बोरिवली. वाचनालयाच्या वरच्याच मजल्यावर कोणाचा तरी साखरपुडा होता. मी चुकून आधी तिथे शिरले आणि मुलाकडची समजून मला पेढा मिळाला. व्याख्यान बरं झालं. कवितेतली देशमाता, कथेतला सैनिक, नाटकातला हुतात्मा, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी चष्मा लावलेल्या एका प्रौढ बाईंनी विचारलं, “तुमच्या या पुस्तकांतली भारतमाता रडते, नाहीतर आशीर्वाद देते. तिसरं काही करते का हो?” मी म्हटलं, ती प्रतीक आहे. बाई म्हणाल्या, “हां, म्हणूनच,” आणि खाली बसल्या. परतीच्या बसमध्ये ते ‘म्हणूनच’ माझ्या डोक्यातून जाईना.

सव्वीस तारखेला झेंडा चढला, प्रसादाचा शिरा झाला, उद्देशिकाही वाचून झाली. यंदा लाउडस्पीकरच्या वेळा आधीच ठरवल्या होत्या, त्यामुळे सकाळ निभावली. संध्याकाळी अंगणात सतरंज्या पसरल्या. डावीकडे पुढची लाइन, उजवीकडे मागची, मध्ये जायला वाट. ती वाट कोणी आखली नव्हती, पण तिच्यावर कोणी बसतही नव्हतं. मी खुर्चीवर, गळ्यात हार. वसंतची आई उजवीकडे अगदी पुढे बसली होती.

नाटक रंगलं. तिघं भाऊ दणकून भांडले. मागे कारखान्यातून आणलेल्या लाकडी पेटीवर वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या लग्नातला हिरवा शालू, चंदेरी कागदाचा मुकुट, हातात झेंडा. शेवटी तिघं वळले आणि त्यांनी विचारलं, “आता तूच सांग, तू कोणाची?”

वहिनी बोलेनात. विंगेतून वसंत माझं वाक्य पुटपुटत होता, ते मलाही ऐकू आलं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग झेंडा थोरल्या भावाच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्या पेटीवरून खाली उतरल्या.

“इतकी वर्सां उभी केल्यात माका,” त्या म्हणाल्या. “ढोपरां मोडली माजी. पयलां माका वायच बसाक द्या. मगे सांगतंय कोणाची ता.”

अंगण खो खो हसलं. सावंतकाका अर्धे उठून उभे राहिले होते. वहिनी तशाच मुकुटासकट मंचावरून खाली आल्या आणि बसायला जागा शोधत त्या मधल्या वाटेत थांबल्या. हसणं हळूहळू विरलं. भारतमाता कोणाच्या सतरंजीवर बसणार, हे आता सगळे श्वास रोखून बघत होते, आणि मीही.

“ये माय, हितं ये,” वसंतची आई म्हणाली. “सरका गं पोरींनो, जागा द्या तिला. पाय लांब कर, लाजू नको.”

वहिनी तिच्याशेजारी जाऊन बसल्या. पाय लांब केले. म्हातारीने कोणाला काही न विचारता त्यांचा गुडघा मांडीवर घेतला आणि दाबू लागली. मंचावर तिघं भाऊ झेंडा धरून तसेच उभे होते, त्यांना पुढे वाक्यच नव्हतं. डावीकडच्या दोन-तीन बायका उठल्या आणि वहिनींना बघायला त्या मधल्या वाटेत येऊन बसल्या. मग आणखी काही. पडदा कोणी पाडला नाही. राष्ट्रगीत कोणीतरी सुरू केलं, आणि तेवढ्यासाठी वहिनी म्हातारीचा हात धरून पुन्हा उभ्या राहिल्या. मी रडत होते. हाराची फुलं नाकाला लागत होती म्हणून, असं मी पिल्लैंना सांगितलं.

वसंत माझ्याजवळ आला तेव्हा त्याचेही डोळे ओले होते. “बाई, माझं पण वाक्य गेलं आणि तुमचं पण,” तो म्हणाला.

“बरं झालं,” मी म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा सावंतकाका अंगणात त्याच पेटीला मागून फळी ठोकत होते. “पुढल्या वर्साक बसान सांगतली,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. वसंतची आई नळावर भांडी घासत होती. तिने तिथूनच झापलं, “पुन्हा वर कशाला चढवता तिला? खाली बसू द्या की आमच्यात!” काकांचा हातोडा थांबला. त्यांनी थोडा विचार केला आणि ती फळी काढून ठेवली.

वहिनी मला नाक्यापर्यंत सोडायला आल्या. मी म्हटलं, “वहिनी, बसल्यावर सांगणार होतात, कोणाची ते. राहिलंच की.”

“सांगूचा काय? बसलंय ता बगलास ना?” म्हणत त्यांनी माझ्या हातात शिऱ्याचा डबा कोंबला.

कसाऱ्याचा घाट चढताना मी व्याख्यानाचे कागद काढून बसले होते. कविता, कथा, नाटकं, सगळीकडे आम्ही तिला उभी करून ठेवली आहे, आणि तिच्या तोंडी आपापली वाक्यं घालण्यासाठी आपसांत भांडतो आहोत. मीही तेच केलं होतं, दोन मिनिटांत, टाळ्या घेऊन. बसायला जागा देणारी एकच बाई मला भेटली, आणि तिने एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही.

घरी पोचले तर शेजारच्या काकू दारातच. “काय मग, पाहिलात का समुद्र?”

“नाही हो,” मी म्हटलं. “भारतमातेला बसलेली पाहिली.”