आईचा हंबरडा

वितळत्या मेणबत्तीचा वास आला की मुकुंदवाडीतली वडिलांची मयत आठवते. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती जळत होती, आईनं हंबरडा फोडला होता आणि वडिलांचा चुलतभाऊ, सिनेमा-मालिकांचा नावाजलेला संगीतकार, हातात मोबाईल धरून तिला खेटून बसला होता. मला वाटलं, धीर देतोय. पुढं एका मालिकेत कुणीतरी मेलं आणि सारंगीखालून तोच हंबरडा ऐकू आला. आईच्या हातातली भाकर तशीच राहिली. "ही मीच हाय ना रं?" मी काकाला फोन केला. "अरे, असं खरं रडणं स्टुडिओत मिळत नाय," बेशरम हसला. गेल्या महिन्यात मामा वारला. आई रडत होती. काका दारात दिसला आणि तिनं तोंडात पदर कोंबला.