काटासाहेबांची सूट

वजनमापं तपासायची नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली. बाजार त्यांना काटासाहेब म्हणे. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसताच काटा. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातलं खोटं वजन जप्त करून त्याच दिवशी त्याच्याकडे जेवायला गेलेला हा माणूस. मेहुण्यानं ताट आपटत वाढलं. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवण चांगलं होतं.

निवृत्तीनंतर बायकोच्या डोक्यातून एकेक आठवण सांडत गेली. मुलीचं नाव गेलं, गॅस कुठल्या बाजूला बंद होतो ते गेलं. एक गोष्ट मात्र पक्की राहिली: हे खोटं बोलत नाहीत. गोळीसुद्धा ती, 'औषधच आहे' असं त्यांनी म्हटल्यावरच घेई.

रोज चारच्या सुमारास ती विचारी, "ताई आली का हो?"

तिची ताई जाऊन सहा वर्षं झाली होती. साहेब तसं सांगत. मग ती भिंत धरून खाली बसे आणि बातमी आत्ताच आल्यासारखी रडे. तिच्यापुरती ती आत्ताच आलेली असे.

मुलगी एकदा भडकली. "बाबा, बाजारात गेलीय म्हणा ना! तुमचं काय झिजतं?"

"तिचा माझ्या एकट्यावर विश्वास उरलाय. तो असा वापरू?"

"तुमच्या वजनांनासुद्धा कमी-जास्त भरायची थोडी सूट असते ना? मग आईलाच का नाही?"

"ती सूट सरकारी तक्त्यात छापलेली असते," साहेब म्हणाले.

तरी त्यांनी मधली वाट काढली. "ताई इथं नाही." शंभर टक्के खरं. "आज दिसली नाही." तेही. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "मग येणार कधी?" खरं उत्तर एकच होतं, आणि तिचा हात आधीच भिंतीकडे निघाला होता.

"बाजारात गेलीय."

आवाज चोरटा निघाला. असले आवाज त्यांनी तराजूंमागून पुष्कळ ऐकले होते. आता आपण पकडले जाणार, याची त्यांना खात्रीच होती.

तिनं त्यांना निरखून पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे गेलीच असेल." हात मागे आला. "तिला म्हणावं, ऊन आहे, सावकाश ये."

"सांगतो." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, याचीच त्यांना जरा धास्ती वाटली.

"आणि तिचाही चहा टाका हं."

साहेबांनी तीन कप मांडले, आणि तिघांचं पाणी नीट मापून आधण ठेवलं.