आमच्या साडूचं बोचकं

मजा करायला निघताना आमच्या साडूइतकी तयारी करणारा माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत तरी दुसरा नसेल, आणि त्या तयारीचं कौतुक माझ्याइतक्या निर्लज्जपणे स्वतःच्या अंगावर घेतलेला माणूसही दुसरा नसेल. पहिली गोष्ट सगळ्या पाहुण्यारावळ्यांना माहीत आहे. दुसरी माझ्या बायकोला, साडूला आणि मला, एवढ्यांनाच. आता वय झालं. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारी माणसं एकेक करून कमी व्हायला लागली. तेव्हा म्हटलं, जे ज्याचं आहे ते त्याच्या नावावर लिहून टाकावं.

माझी बायको आणि साडूची बायको या कुंडलच्या सख्ख्या बहिणी. थोरली उसाच्या पट्ट्यात, कराडजवळच्या मलकापुरात आली आणि धाकटी जतच्या माळावर गेली. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून निवृत्त झालो. साडूनं पावसावरची ज्वारी केली, चार मेंढरं राखली आणि उरलेलं आयुष्य पाण्याचा टँकर चालवला. त्या रस्त्यांवर गाडी बंद पडली तर दुसरा माणूस दिसेपर्यंत दुपार उलटते. त्यामुळं लागेल ते सगळं जवळ ठेवायची त्याला सवय लागली, आणि टँकर सुटला तरी ती सवय सुटली नाही. जुन्या सतरंजीच्या चार टोकांना गाठ मारून केलेलं एक बोचकं कायम त्याच्या खांद्यावर. लग्न असो, बारसं असो, कुणाला दवाखान्यात बघायला जायचं असो, आधी बोचकं दारातून आत येई आणि मागून साडू. कुंडलला एका लग्नात ऐन मुहूर्ताला अंतरपाट सापडेना. भटजी घड्याळ बघतायत, दोन्हीकडचे मामा एकमेकांवर ओरडतायत, आणि साडूनं शांतपणे गाठ सोडून एक धुवट पांढरा पंचा भटजींच्या हातात दिला. मंगलाष्टका संपल्या, वाजंत्री सुरू झाली, सगळे नवरा-नवरीकडं बघत होते तेव्हा साडू पंच्यातल्या अक्षता झटकून, घडी घालून तो परत बोचक्यात ठेवत होता. "ऱ्हायला तर कुणीतरी हात पुसंल त्याला," म्हणाला.

काही वर्षांपूर्वी नातवंडांच्या सुट्टीत आम्ही दोन्ही घरांनी मिळून, पुण्याच्या पुढं घाट उतरल्यावर जे पाण्याचं आणि पाळण्यांचं मोठं पार्क आहे, तिथं जायचं ठरवलं. गाडी भाड्याची. कराडला साडू बायको-नातवंडांसह रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि बोचकं नेहमीपेक्षा दुप्पट फुगलेलं. मी खिडकीतूनच म्हणालो, "साडूभाऊ, पार्कला चाललोय आपण. वनवासाला नाही."

"पावणं," तो पाय आत घेत म्हणाला, "वनवासात झाडं तरी असत्यात."

मी गाडीभर हशा पिकवत गेलो. पुण्यापर्यंत मला तोच एक विषय पुरला. फाटकावर तर माझी चंगळच झाली. तिथल्या रखवालदारानं बोचकं टेबलावर सोडायला लावलं आणि आतून एकेक निघायला लागलं: कपडे वाळत घालायची दोरी, लाकडी चिमटे, सेफ्टी पिनांची माळ, फाटक्या सुती मोज्यांचा गठ्ठा, वरच्या काठात नाडी ओवलेली जुनी लुंगी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, रिकाम्या बाटल्या, आलेपाक, लिंबं आणि सगळ्यांत खाली टँकरवरचा पितळी भोंगा, रबरी फुग्यासकट. मागं रांग वाढत होती. मी जरा बाजूला सरकून उभा राहिलो, म्हणजे आम्ही एकत्र आहोत असं कुणाला वाटू नये.

"बाहेरचं खाणं आत चालत नाही," रखवालदार लिंबू उचलून म्हणाला.

"खाणं कुठाय? औषध हाय ते."

"लिंबू औषध?"

"तुमी त्या उलट्या पाळण्यात एकदा बसून या. मग मीच तुमाला एक देतो."

रखवालदार हसला आणि त्यानं सगळंच आत सोडलं. बाटल्या रिकाम्या असल्यामुळं त्यांना हरकत नव्हतीच. भरलेल्या बाटल्या आणलेले लोक फाटकाबाहेर घटाघटा पाणी पीत उभे होते. आमच्या साडूनं आत पहिला नळ दिसताच बाटल्या भरून घेतल्या.

त्यानंतर दिवसभरात काय झालं ते मी आजवर माझ्या सोयीनं सांगत आलो. झालं ते असं. पाण्याच्या घसरगुंड्यांकडं चपला नेऊ देत नाहीत आणि दुपारी मधली फरशी तव्यासारखी तापते. शिकलेसवरलेले लोक त्या फरशीवरून लंगडी घातल्यासारखे पळत होते. साडूनं मोजे पाण्यात बुडवून आमच्या पोरांच्या पायांत चढवले आणि आमची पोरं राजासारखी चालली. मी म्हणालो, मला नको असलं ध्यान. दहा पावलं गेलो आणि परत येऊन मुकाट्यानं पाय पुढं केला. माझा चष्मा पाण्यात जाऊ नये म्हणून त्यानं काड्यांना ट्यूबची पट्टी बांधून ती डोक्यामागून घेतली. माझी नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही गॅरेजवाले दिसताय." पण दिवसभर मला दिसत होतं, हे खरं. कपडे बदलायच्या खोल्यांपुढं ही गर्दी. साडूनं पोरांच्या गळ्यात ती नाडीची लुंगी अडकवली, आणि एकेक पोर त्या तंबूत शिरून कोरडं होऊन बाहेर पडलं. ओल्या कपड्यांचं पाणी मात्र त्यानं कुठंही पिळलं नाही. कडेला शोभेची झाडं लावली होती, त्यांच्या बुडाशी नेऊन पिळलं.

लाटांच्या तळ्यापाशी तो बराच वेळ नुसता उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलेल. "कितीक टँकर असंल हे?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, मला काय ठाऊक. "आमच्यात टँकर आला की बाया घागरींनी एकमेकीस्नी हाणत्यात," तो म्हणाला. "आन् हितं पाण्याला कामच न्हाई, म्हणून उड्या मारतंय." मग धाकट्या नातवाच्या नाकात पाणी गेलं आणि तो तिकडं पळाला.

जेवणानंतर दोघी बहिणी हरवल्या. मोबाईल सगळ्यांचेच लॉकरमध्ये. मी चौकशीच्या खिडकीपुढं रांगेत उभा राहिलो. साडूनं कट्ट्यावर चढून भोंगा दाबला. पों पों पों! अर्धं पार्क थांबलं. एक रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. आणि त्याच्या मागून, गर्दी कोपरानं सारत, मेहुणी माझ्या बायकोचा हात ओढत येताना दिसली. "अक्का, चल चल, आमचा टँकर आला!" ती ओरडत होती. उभा संसार तिनं त्या भोंग्याकडं कान लावून काढलेला. आम्ही हसून हसून खाली बसलो.

घरी आल्यावर शेजाऱ्यानं विचारलं, आम्हीही जाणार आहोत, काय काय न्यावं? मी त्याला सांगितलं. त्याला ते इतकं पटलं की म्हणाला, काका, लिहूनच टाका ग्रुपवर. मी लिहिलं. ऑफिसात उभी हयात मसुदे करण्यात गेली होती, लिहायला हात सरावलेला. नाडीच्या लुंगीचं 'वस्त्रांतरासाठी हलके आवरण' केलं. भोंग्याच्या जागी शिट्टी घातली. मोजे तसेच ठेवले, फक्त 'फाटके' हा शब्द काढला. साडूचं नाव काढलं असं म्हणता येणार नाही, कारण मुळात घातलंच नव्हतं. खाली माझं नाव होतं. ते कुठं कुठं गेलं कोण जाणे; महिन्याभरात कराडच्या भाजी मंडईत एक अनोळखी बाई म्हणाली, "तुम्हीच ना ते पार्कवाले काका? तुमच्या मोज्यांनी आमची सहल वाचवली." तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अहो, त्यात काय!"

मग ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात 'प्रवासाची शहाणी तयारी' या विषयावर माझं व्याख्यान झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. मी म्हणालो, ही दृष्टी अनुभवातून येते. टाळ्या पडल्या. बायको पहिल्या रांगेत बसली होती, तिनं टाळी वाजवली नाही. घरी परतताना रिक्षात तिनं शालीची घडी मांडीवर नीट केली. मग म्हणाली, "शाल जतला पाठवायची का?"

पाठवली नाही. ती आमच्या कपाटात आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात साडूच्या नातीच्या वाढदिवसाला आम्ही सांगलीला त्याच्या मुलाच्या फ्लॅटवर गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा, सून, नातवंडं आणि सुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणी असे सगळे त्याच पार्कला निघायचे होते. साडूही जायचा म्हणून जतहून एसटीनं आला होता, आणि बोचकं गॅलरीत टेकून ठेवलेलं होतं. सूनबाई गुणी मुलगी. नव्या चाकांच्या बॅगेत एकेक वस्तू भरत ती मला मोबाईल दाखवायला लागली. "काका, तुमचंच बघून घेतलंय हं सगळं. मोजे, चिमटे, चष्म्याचं रबर. किती सुटसुटीत लिहिलंय तुम्ही! मामांना म्हटलं, आता तुमचं ते बोचकं नको. मैत्रिणी असणार गाडीत. तुम्ही आपले मोकळ्या हातानं या."

साडू शेंगा सोलत बसला होता. "लिवलंय झकास," तो म्हणाला. "मोज्याचं तर लयच बेस." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग टरफलं गोळा करत सुनेला म्हणाला, "पोरी, मी ऱ्हातो मग हितंच. तुमी जाऊन या."

"अहो मामा, असं काय करता!" सून म्हणाली, पण तिचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. नातवानं मोबाईलमधून डोकं वर केलं आणि परत खाली घातलं.

तेव्हा मी बोललो. सगळ्यांच्या देखत बोललो. "सूनबाई, यातलं एक अक्षर माझं नाही. एकूण एक गोष्ट तुझ्या सासऱ्याची आहे. त्या दिवशी मी त्याला हसत होतो, आणि घरी येऊन तेच माझ्या नावानं लिहिलं."

ती हसली. मग नवऱ्याला म्हणाली, "बघा, काका किती मोठ्या मनाचे आहेत! मामांना वाईट वाटू नये म्हणून..."

"अगं, खरं सांगत्यात ते," माझी बायको कळवळून म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा!"

त्यावर तर सगळे जास्तच हसले. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि जितकं सांगितलं तितका मी थोर ठरत गेलो.

गॅलरीत साडूनं मला बाजूला घेतलं. "कशाला सांगत बसला, पावणं? मी सांगत हुतो तवा कोण ऐकत हुतं? तुमी लिवल्यापास्नं पोरांचं पाय पोळत न्हाईत. मिटलं."

"पण नाव माझं लागलं ना."

"नाव काय पायात घालायचं हाय व्हय?"

पहाटे गाडी आली. साडूनं चारी टायरं पायानं दाबून बघितली, ड्रायव्हरला झोप झाली का विचारलं, ती चाकांची बॅग स्वतः उचलून मागं ठेवली. पोरांनी हात हलवले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बोचकं गॅलरीतच होतं, पण त्याच्या यादीतलं सगळं सामान त्या गाडीतून पार्कला गेलं होतं. मागं राहिला होता तो एकटा.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात आपण दोघंच जाऊ. तुमचं बोचकं मी उचलतो."

तो हसला. "दोघं म्हातारं तिथं जाऊन काय करायचं? मी एकाबी पाळण्यात बसलेलो तुमी बघितलंय का?"

खरंच बघितलं नव्हतं.

"पोरं पाळण्यातनं उतरली की पळत माझ्याकडं येत हुती," तो म्हणाला. "आज्जा हे दे, आज्जा ते दे. तेवढ्यापायी जायाचं हो."

सूनबाई, तोंडानं सांगितलेलं तुला पटलं नाही, म्हणून हे लिहिलं आहे. हे वाचून माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. पुढच्या खेपेला मात्र गाडी दारात आली की आधी त्याला बसव, आणि मग बाकीच्यांना हाक मार.