हजेरी मास्तरांविरुद्धची तक्रार

दौंडची बदली मी स्वतः मागून घेतली, हे आधीच सांगून टाकते. कुणी लादली नाही. अर्ज केला, वर्षभर त्याच्यामागे फिरले आणि ऑर्डर आली तेव्हा सगळ्या ठाण्याला पेढे वाटले. त्यामुळे आता शिरूरची आठवण येते असं म्हटलं की नवरा हात जोडतो. तुझं काही खरं नाही, म्हणतो. त्याचं बरोबर आहे. पण आठवण येते. सकाळी हजेरीच्या वेळेला हटकून येते, आणि तेव्हा मी समोर असेल त्याच्यावर उगाच खेकसते.

शिरूर भागातल्या एका ठाण्यात मी शिपाई म्हणून सहा वर्षं काढली. नवरा रेल्वेत, दौंडला. त्याची ड्युटी गाड्यांच्या मर्जीवर. म्हणून मुलगी माझ्या आईजवळ, खुटबावला. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं, तिथून मिळेल त्या वाहनानं खुटबाव. अंतर फार नाही, पण जायला रविवार मोकळा लागतो. आमच्या नोकरीत आठवड्याची सुट्टी असते, फक्त तिच्या आदल्या दिवशी कुठलीतरी यात्रा, मिरवणूक, निवडणूक किंवा बडा पाहुणा निघतो आणि सुट्टी बंदोबस्तात जाते.

ही सुट्टी देणं न देणं साहेबांच्या हातात असलं, तरी रोज कुणाला कुठं उभं करायचं याचा कागद तयार करतो तो हजेरी मास्तर. त्यामुळे साऱ्या ठाण्याच्या शिव्या त्यालाच. आमचे हजेरी मास्तर पन्नाशी ओलांडलेले हवालदार होते. त्यांचं नाव लिहीत नाही. नाव कागदावर आलं की माणूस एकतर फिर्यादी असतो नाहीतर आरोपी, असं तेच म्हणायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू.

आप्पांनी शिव्यांवर एक उपाय काढला होता. टेबलाच्या खणात दोनशे पानी वही ठेवली होती. ज्याची कुणाविरुद्ध काही तक्रार असेल त्यानं मागून बोलायचं नाही, वहीत लिहायचं. पण लिहायचं ते खात्याच्या भाषेत, एखाद्या खऱ्या गुन्ह्याची फिर्याद लिहावी तसं. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की ते सगळ्यांसमोर वाचायचं, आणि ऐकताना जो पहिल्यांदा हसेल त्यानं दिवसभराचे चहाचे ग्लास विसळायचे.

ड्रायव्हरची तक्रार मला अजून पाठ आहे. त्याच्या डब्यातला ठेचा कुणीतरी खाल्ला होता. त्यानं लिहिलं होतं की अर्धी वाटी ठेचा, हिरव्या रंगाचा, जुना वापरता, कोणीतरी अज्ञात इसमाने फिर्यादीच्या संमतीवाचून लबाडीने संपवला. आप्पांनी रीतसर दोन पंच बोलावून रिकाम्या डब्याचा पंचनामा केला. तपासात एकट्या क्राईम रायटरला उचकी लागलेली आढळली. तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला, उचक्या देत देत.

मी त्या ठाण्यात नवी गेले तेव्हा मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. माझा स्वभाव तापट. फोन ठेवायचा नसतो, आपटायचा असतो अशी माझी तेव्हा समजूत होती. पंधरा दिवसांत माझ्याविरुद्ध पहिली तक्रार आली. आप्पांनी ती उभं राहून, चेहरा जराही न हलवता वाचली.

"यातील फिर्यादी काळा टेलिफोन, वय अंदाजे तीस वर्षे, धंदा नोकरी, राहणार ठाणे अंमलदाराचे टेबल, समक्ष हजर राहून जबाब देतो की, यातील आरोपी मॅडम या काहीएक कारण नसताना माझे तोंड रोज टेबलावर आपटतात व पुन्हा उचलून कानाला लावतात. माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे."

पहिली मीच हसले. ग्लास मीच विसळले. आठवडाभर फोन ठेवताना मला त्याचं वय आठवायचं आणि हात आपोआप हळू व्हायचा. त्या ठाण्यात कामं कमी नव्हती. सकाळी महामार्गावर अपघात, दुपारी बांधावरची भांडणं, कारखान्यातून सुटलेल्या पोरांच्या मारामाऱ्या. कधी असं काही बघून यावं लागायचं की घास उतरत नसे. पण परत आलं की कुणीतरी वही उघडायचंच. मला तेव्हा वाटायचं, पोलीस ठाणं असंच असतं.

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दर आठवड्याला फोनवर ती विचारायची, रविवारी येणार ना. मी येणार म्हणायची. शनिवारी संध्याकाळी बंदोबस्त लागायचा आणि मी आईला कळवायची की हजेरी मास्तरांनी सुट्टी दिली नाही. आई ते तसंच्या तसं नातीला सांगायची. एकदा लागोपाठ सात रविवार गेले. त्या सातव्या रविवारी मी संडासात जाऊन रडले आणि ठरवलं, नोकरी सोडायची. राजीनाम्याचा कागदही लिहून पर्समध्ये ठेवला होता. मुलगी फोनवर यायची थांबली होती. आई म्हणायची, खेळतीय बाहेर. मला कळत होतं.

पुढच्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मुलीला दोन दिवस माझ्याकडे आणावं लागलं. सकाळी तिला घेऊनच हजेरीला गेले. ती खुर्चीवर बसून राहिली. त्या दिवशीचं वहीचं वाचन झालं, कुणीतरी हसलं, ग्लासांचा निकाल लागला. आप्पा वही मिटणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला पण तक्रार द्यायचीय."

आप्पांनी तिला खुर्चीसकट टेबलाजवळ ओढून घेतलं. चष्मा लावला, पेन उघडलं आणि नाव विचारलं. वय सहा वर्षे, धंदा शिक्षण, असं ते मोठ्यानं म्हणत लिहू लागले. सगळे भोवती जमले. माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं. तक्रार काय, असं विचारल्यावर ती म्हणाली की आई रविवारी येते म्हणते आणि येत नाही. मी खाली बघितलं. आप्पांनी तेही शब्दाशब्दानं लिहून घेतलं.

"मग आरोपी कोण लिवायचा? आई?"

"न्हाई," ती म्हणाली. "हजेरी मास्तर. त्यो सुट्टी देत न्हाई."

सगळ्या ठाण्याला हसू फुटलं. क्राईम रायटर तर भिंतीला टेकला. तिला बिचारीला माहीतच नव्हतं की समोर बसून लिहितोय तोच तो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी आरोपीच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर लिहिला. मग खाली तिची सही घेतली. तिनं नुकतंच शिकलेलं आपलं नाव ओळ सोडून मोठ्या अक्षरात काढलं. जबाब वाचून दाखवताना त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही, आणि आम्ही एकेक करून हसायचे थांबलो.

त्या शनिवारी कागद लागला. माझ्या नावासमोर रविवारी सुट्टी होती. पुढच्याही शनिवारी होती. तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. रविवारी आप्पांची स्वतःची सुट्टी असायची, आणि मी चौफुल्याच्या गाडीला जाताना ते मला ठाण्याच्या दारात गणवेशात दिसले. मी विचारलं, आप्पा, तुम्ही आज कसे?

"ताई, आरोपी जामिनावर हाय," ते म्हणाले. "दर रविवारी ठाण्यात हजेरी द्यायची अट हाय. तुमी निघा, गाडी जाईल."

मी निघाले. खरं सांगते, मी त्यांना एका शब्दानंही नको म्हटलं नाही. गाडीत बसेपर्यंत मी मागंसुद्धा पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर परत जावं लागलं असतं. पर्समधला राजीनामा खुटबावला चुलीत घातला. दोन वर्षं हे चाललं. मोठा बंदोबस्त असला की सुट्टी जायचीच, तिथं त्यांचंही काही चालत नसे. पण एरवी माझा रविवार मला मिळाला. सोमवारी परत गेले की आप्पा विचारायचे, फिर्यादीचं काही म्हणणं? मी सांगायची, फिर्यादीला चार आकडी बेरीज येते, फिर्यादीचा दात पडला. ते मान डोलवून वहीत टीप करायचे.

आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या होत्या. हार-नारळ झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "खुटबावची पोरगी तुमचीच व्हय?" मी हो म्हटलं. त्या हसल्या. "तिच्यापायी दोन वर्सं आमच्या घरी रविवार न्हवता," म्हणाल्या, आणि माझ्या हातात दोन पेढे ठेवले, एक माझ्यासाठी आणि एक तिच्यासाठी. त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. वही आप्पा घरी घेऊन गेले. मुद्देमाल आहे, मूळ मालकाला परत, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खणात स्टेपलरच्या पिना होत्या. मीही बदलीचा अर्ज केला.

आता दौंड बाजूच्या एका ठाण्यात मी हवालदार आहे. इथली माणसं वाईट नाहीत, उलट फार सज्जन आहेत. कुणाला कुठली ड्युटी ते आदल्या संध्याकाळी मोबाईलवर येतं, प्रत्येकजण खाली अंगठा टाकतो आणि आपापल्या कामाला जातो. डबे आपापल्या जागेवर खाल्ले जातात. ठेचा कुणी चोरत नाही. मुलगी नववीत आहे. रविवारी मी घरी असते आणि ती क्लासला. आप्पांना मी सणासुदीला फोन करते. ते हल्ली कारेगावला मुलाकडं असतात. गुडघ्यांबद्दल बोलतात, मी माझ्या कंबरेबद्दल सांगते. त्यांना कमी ऐकू येतं, आणि फोनवर ओरडून विनोद करता येत नाही. फोन ठेवल्यावर मला ते आणखीच हवेसे वाटतात.

परवा दुपारी एक म्हातारे मोबाईल हरवल्याची तक्रार घेऊन आले. माझ्या टेबलाशी नवी पोरगी बसली होती, शिपाई, भरती होऊन वर्षही झालं नसेल. तिनं विचारलं, आबा, मोबाईल कुठं हरवला? आबा म्हणाले, "कुठं ते ठावं असतं तर हितं कशाला आलो असतो, तिथंच गेलो नसतो का?" पोरगी खळखळून हसली. असं हसू मी या ठाण्यात पहिल्यांदाच ऐकलं. मला इतका आनंद झाला की काय करू कळेना. आबा गेल्यावर मी चेहरा अगदी सरळ ठेवला, आप्पा ठेवायचे तसा, आणि तिला म्हणाले, "कर्तव्यावर असताना हसल्याबद्दल तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. उद्या लेखी खुलासा पाहिजे."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती "जी मॅडम" एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिलाही चेहरा सरळ ठेवता येतो. घरी जाताना मी नवी वही घ्यायलासुद्धा दुकानात थांबले.

सकाळी ती माझ्यापुढे कडक सॅल्यूट करून उभी राहिली आणि कागद ठेवला. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. अक्षर सुंदर. लिहिलं होतं की दिनांक अमुक रोजी तक्रारदार यांच्यासमोर माझ्याकडून हसण्याचा प्रकार घडला, त्यामागे कोणताही वाईट हेतू नव्हता. यापुढे कर्तव्यावर असताना माझ्याकडून हसणे होणार नाही, याची मी दक्षता घेईन. आणि शेवटी: माझा मुलगा दीड वर्षाचा असून सासूबाईंजवळ गावी असतो, तरी माझी रविवारची सुट्टी रद्द करू नये, ही नम्र विनंती.

मी तो कागद दोनदा वाचला. मग तिला बसवलं आणि सांगितलं की अगं, मी गंमत केली होती, तुझं हसणं मला आवडलं होतं. तुझ्या सुट्टीला कुणी हात लावणार नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. व्हय मॅडम, म्हणाली. डोळे रडून सुजले होते. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा व्हय म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि त्याच कागदाची दुसरी प्रत पुढं केली.

"मॅडम, ह्याच्यावर पोच मिळंल का?"

आप्पा असते तर त्यांनी याच जागी असं काही म्हटलं असतं की ती पोरगी हसली असती आणि घरी जाऊन सासूलाही सांगून हसली असती. मी सही केली, तारीख घातली, शिक्का मारला आणि तिला पोच दिली.