जिन्याखालचा रोलर

मुलांनो, परवा कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की जिन्याखाली ते जाडजूड लोखंडी काय पडलं आहे, आणि त्याच्याखाली वर्तमानपत्र कशाला. तुमचे आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. पण उत्तर द्यायला हवं. तुमच्या काकाने सांगितलं तर तो त्याचा विनोद करील, आजोबा सांगणार नाहीत, आणि मी हल्ली लवकर थकते. म्हणून आजच लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते. जन्मभर इंग्रजी शाळेत शिकवलं, पण आजोबांचा डोझर आमच्या घरात कधी इंग्रजीत बोललाच गेला नाही. जिथे अडाल तिथे तुमचे बाबा वाचून दाखवतील.

डोझरला, म्हणजे बुलडोझरला, चाकं नसतात. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची साखळी असते आणि साखळीच्या आत, खालच्या अंगाला, ओळीने रोलर बसवलेले असतात. सगळ्या यंत्राचं वजन त्या रोलरांवर. प्रत्येकाच्या पोटात थोडं तेल भरून बंद केलेलं असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना सील असतात, म्हणजे एकमेकींवर घासून बसणाऱ्या गुळगुळीत कड्यांच्या जोड्या. चिखल वाळून तिथे दगडासारखा बसला, की सील जातात आणि तेल झिरपू लागतं. तेल संपलं की रोलर कोरडा फिरतो, तापतो आणि एक दिवस फिरायचाच थांबतो.

एवढं मला लग्नानंतर काही वर्षांतच कळलं, कारण घरी दुसरं काही बोललंच जात नसे. एक रोलर दुरुस्त करून आणावा, तर त्याच्या शेजारचा गळायला लागे. आजोबांच्या सदऱ्यांच्या बाह्यांवर तेल, मोटारीच्या सीटवर तेल, माझ्या धुतलेल्या चादरींना तेलाचा वास. दर्पण कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारीण म्हणाली होती, "भाभीजी, आपके यहाँ क्या पकता है?" मी हसले होते. पुढे पुढे हसूही येईनासं झालं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकाने चहाच्या वेळी विषय काढला. धंदा आता तोच बघतो आणि त्याच्याकडे नवी यंत्रं आहेत. जुना डोझर शहराबाहेरच्या एका दगडाच्या खाणीवर रस्ता सरळ करण्यापुरता उरला होता.

"बाबा, बस झालं आता. भंगारात देऊन टाकू."

"चांगला चालतोय."

"चालत नाही, गळतोय. खाणीवाला म्हणतो, तुमचा डोझर कुठे गेला ते शोधावं नाही लागत, काळे ठिपके बघत जायचं."

"मी डोझर घेतला तेव्हा तो खाणीवाला गोट्या खेळत होता," आजोबा म्हणाले.

गुडघे गेल्यापासून त्यांच्याकडे दुसरं काम राहिलं नव्हतं. डोझर गेला, तर सकाळी उठून कशाची चौकशी करायची, हा त्यांचा खरा प्रश्न होता. काकालाही ते कळलं असावं. तो म्हणाला, "ठीक आहे. सगळे सील बदलून घेऊ. दिवाळीपर्यंत एकही रोलर गळला नाही, तर मी पुन्हा नाव काढणार नाही. गळला, तर तुम्ही अडवायचं नाही." आजोबांनी मान डोलावली.

मग ट्रान्सपोर्ट नगरच्या वर्कशॉपमध्ये रोलर उघडले गेले. आजोबा रोज तिथे खुर्ची टाकून बसत. सीलच्या कड्यांच्या गुळगुळीत बाजूला कोणी बोट लावलं, की ओरडत. सगळं परत बसलं आणि डोझर खाणीवर गेला. पावसाळाभर ऑपरेटर काम संपलं, की पट्टीने रोलरांमधला चिखल खरवडून काढी. तो वयाने काकाएवढा, भिंडकडचा, अघळपघळ बोलणारा. संध्याकाळी आजोबांचा त्याला फोन.

"सूखा है?"

"सूखा है बाबूजी. आपके मुँह से भी ज़्यादा."

आजोबांचं शास्त्र साधं होतं. धुळीने माखलेला रोलर म्हणजे निरोगी रोलर. ज्याच्यावरची धूळ ओली, काळी दिसेल, तो गळतोय. श्रावण गेला, गणपती गेले, रोलर कोरडे होते. काकूसुद्धा जेवायला वाढताना विचारू लागली, "बाबा, आज कोरडं ना?" आजोबा नवरात्रात शेवयांची खीर दुसऱ्यांदा मागून घेऊ लागले.

मग खंडेनवमी आली. इथले लोक दसऱ्याला शस्त्रं पूजतात, आपण आदल्या दिवशी. तुमच्या पूर्वजांनी तलवारी पूजल्या, माझ्या सासऱ्यांनी पाने-हातोडे, आजोबांनी डोझर. ऑपरेटर दर वर्षी म्हणायचा, "मराठों का दशहरा एक दिन पहले ही आ जाता है." बाड्यावरच्या बाजारातून झेंडूच्या माळा घेऊन आम्ही दोघं खाणीवर गेलो. दर वर्षी यंत्र नुसतं धुऊन हळदकुंकू लावत. या वर्षी आजोबांचा आनंद मावत नव्हता. डोझर धुऊन झाल्यावर ते स्टुलावर बसले, फडकं इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलात बुडवलं आणि एकेक रोलर पुसून चकचकीत केला. वाकवेना तिथे ऑपरेटरला पुसायला लावलं. नारळ फुटला. ऊन तेलावर असं चमकत होतं, की मलाही ते यंत्र क्षणभर देखणं वाटलं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर काम सुरू झालं. संध्याकाळी फोन लागला.

"सूखा है?"

"अब क्या बताऊँ बाबूजी, आपने तो सबको दूल्हा बना दिया. सब चमक रहे हैं."

आजोबा खूप हसले. मला बोलावून पुन्हा तेच सांगितलं. पुढचे दिवसही असेच गेले. तेलावर धूळ बसली, ती सगळीकडे सारखीच काळी आणि ओली. त्यात एकाची ओल आतून येत होती, ते कोणाला कसं दिसणार?

दिवाळीच्या फराळाचं भाजणं सुरू होतं, तेव्हा काका भर दुपारी घरी आला. हात धुतले, पाणी प्यायला, मग आजोबांसमोर बसला. एक रोलर तेल संपून जाम झाला होता. साखळी त्याच्यावर घासत राहिली, रोलर एका बाजूने चपटा झाला, आणि चढावर साखळी उतरली. ऑपरेटरला काही लागलं नव्हतं.

आजोबांनी कोणता रोलर ते विचारलं. काकाने सांगितलं. आजोबांनी स्वतःचे तळहात उघडून पाहिले.

"धूळ असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं," ते म्हणाले. "मीच झाकलं रे."

"बाबा, पूजा केलीत तुम्ही."

"हो. दिवाळी अजून आलेली नाही, त्याआधीच गळला. घेऊन जा."

काका वाद घालायच्या तयारीने आला होता. तो वाद झाला नाही, म्हणून त्याला कुठे पाहावं कळेना. त्याने माझ्या हातातला झारा घेतला आणि चिवड्याचे पोहे ढवळत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

डोझर खाणीवरच गॅसने कापला गेला. आजोबा बघायला गेले नाहीत. चादरींना आता साबणाचाच वास येतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नाही. सकाळी ते उठतात, चष्मा लावतात, आणि फोन हातात घेऊन खाली ठेवतात. मी चहा ठेवते. आम्ही दोघंही थकलो आहोत, आणि हे काही आजचं थकणं नाही.

कापायच्या आधी काकाने न विचारताच एक न गळलेला रोलर काढून घेतला, एका हमालाच्या मदतीने घरी आणला आणि जिन्याखाली ठेवला. आजोबांनी तो पुसू दिला नाही. खाणीची धूळ त्याच्यावर तशीच आहे. त्याच्याखाली मी जुनं वर्तमानपत्र घातलं, फरशी खराब नको म्हणून. रोज सकाळी आजोबा काठी टेकत जातात आणि कागदाची कड उचलून तेल उतरलंय का ते बघतात.

डोझर नाही. तो रोलर आहे, हाताने ढकलला तर फिरतो, आणि त्याच्याखालचा कागद अजून कोरडा आहे.