मावशीच्या मापाचं हॅन्डल

माझ्या मावशीनं घरात आलेली एकही वस्तू मूळ मापात राहू दिलेली नाही. ती इतकी बुटकी आहे की केशोरीच्या बाजारात तिला शोधायचं तर माणसांकडे नव्हे, माणसांमधल्या फटींकडे बघावं लागतं. पण आपण बुटक्या आहोत हे तिला मान्य नाही. जगच उगाच उंच करून ठेवलंय, असं तिचं ठाम मत. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिनं दाराची वरची कडी खाली आणवली. मग सासऱ्यांच्या खुर्चीचे पाय करवतीनं कापले, कारण ते शेतावर गेले की तिलाही बसायचं असे. आजही त्या घरात उंच पाहुणा गुडघे कानाशी घेऊन बसतो आणि मावशी त्याला भात वाढत विचारते, "काऊन, बरं नाही वाटून राहिलं का?"

मावसाजी मात्र चांगले ताडमाड. त्यांची मोटरसायकल तेवढी मावशीच्या तावडीतून सुटली होती. पण साखरेनं त्यांची नजर मंदावली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. शेत लांब, मुली सासरी. "विकून टाकू," मावसाजी म्हणाले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत.

"कायले विकता? मी चालवीन," मावशी म्हणाली.

तिची साठी जवळ आलेली. मी म्हटलं, स्कुटी घे. तर म्हणे, "धानाचं पोतं स्कुटीवर कुठं ठेवू? अन् ह्यांचे पाय?"

उन्हाळ्यात शेतातल्या धानाच्या रिकाम्या बांधीत ती शिकली. पण हॅन्डल तिला एवढं लांब पडे की ती टाकीवर पालथीच होई; दुरून पाहणाऱ्याला वाटे, गाडीवर कुणीतरी लुगडं वाळत घातलंय. घरी आली की मान आखडलेली आणि खांदे असे दुखत की पोळी लाटवेना. दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. मावशी गाडी घेऊन नवेगाव बांधच्या मिस्त्रीकडे गेली.

"काकू, हॅन्डल कंपनीनं बसवलेलं असते," मिस्त्री म्हणाला.

"कंपनीनं मले पाहून बसवलं का?"

त्यानं निमूट बोल्ट ढिले करून हॅन्डल तिच्याकडे फिरवलं. हात पोचले, पण वळताना मूठ टाकीला भिडून बोटं चेमटली. पुढच्या खेपेला खाली ठोकळे घालून हॅन्डल उचललं, मागं घेतलं. आता पाठ सरळ झाली, पण एक्सलेटरची तार अपुरी पडली. डावीकडे वळताच तार ताणली, गाडी आपोआप जोरात सुटली आणि मावशीसकट शेजाऱ्यानं रोपांसाठी पेरलेल्या पऱ्ह्यात शिरली. धानाची कोवळी रोपं अंगाला चिकटलेल्या अवस्थेत उठून तिनं शेजाऱ्याला सांगितलं, "माह्यं काही चुकलं नाही. तार आखूड आहे."

मग लांब तार आली. क्लचचा दांडा बोटांजवळ सरकला, मनगट वाकू नये म्हणून जरा खाली झुकला. दर वेळी मावसाजी विचारत, "झालं न आता?" मावशी खांदे फिरवून पाही आणि म्हणे, "अजून बोटभर." शेवटी एका सकाळी ती शेतावर जाऊन आली, गाडी स्टँडवर लावली आणि सरळ पोळ्या लाटायला बसली. तेव्हा आम्ही समजलो.

आता मावसाजी मागं बसतात. मावशी त्यांच्यापुढे दिसतच नाही, त्यामुळे गावातले लोक अजून त्यांनाच रामराम घालतात आणि तेही ऐटीत हात वर करतात.

परवा मी गेलो तेव्हा मावसाजी अंगणात उभ्या गाडीवर पुढं बसले होते. दोन्ही हात हॅन्डलवर. कोपरं पोटात शिरलेली, गुडघे मुठींना अडलेले. कुठंच मावत नव्हते. मावशी दारात आली आणि थबकली. म्हणाली, "जसं होतं तसं करून आणू का?"

"नको," ते म्हणाले. "तुले रस्ता दिसते." आणि हळूच उतरले.

तिनं पदरानं डावा आरसा पुसला आणि जरा आत वळवला. मी वाकून पाहिलं. त्यात रस्ता नव्हताच, फक्त मागची सीट होती.

"मावशी, मागून येणारी गाडी कशी दिसणार?"

"ते हॉर्न वाजवते," ती म्हणाली. "हे वाजवत नाहीत."